‘रेस्टोरेशन’ म्हणजे पुनःस्थापना, पुनरुद्धार की आणखी काही?

बायबलमधील भविष्यवचनांचा अर्थ मॉर्मन आणि प्रोटेस्टंट वेगवेगळा कसा लावतात, यावरील इंग्रजी लेख मराठीत आणताना ‘रेस्टोरेशन’साठी सर्वत्र ‘पुनर्स्थापना’ हा एकच शब्द चालेल का, असे एका अनुवादकाने विचारले आहे. माझ्या मते चालणार नाही, कारण दोन्ही पक्षांचे भांडण त्या शब्दाच्या आतच आहे.

आधी लेखनाविषयी. ‘पुनर्’मधला र् पुढे स्वर किंवा मृदू व्यंजन आले तरच टिकतो, म्हणून पुनर्जन्म, पुनर्विवाह, पुनरुज्जीवन, पुढे कठोर व्यंजन आले की त्याचा विसर्ग होतो, म्हणून पुनःस्थापना आणि पुनःप्रतिष्ठा. ‘पुनर्स्थापना’ इतके रुळले आहे की त्याला चूक म्हणताना माझा आवाज थोडा खाली येतो, पण छापायच्या अनुवादात तरी विसर्गच असावा.

वादाचे मुख्य वचन आहे प्रेषितांची कृत्ये ३:२१. यरुशलेमच्या मंदिरात पांगळ्याला बरे केल्यावर पेत्र जमलेल्या लोकांना सांगतो, की देवाने प्राचीन काळापासून संदेष्ट्यांच्या मुखाने सांगितलेल्या ‘सर्वांच्या आपोकातास्तासिस’च्या काळापर्यंत ख्रिस्ताने स्वर्गात राहणे अवश्य आहे. ‘रेस्टोरेशन’च्या मागचे हे ग्रीक नाम नव्या करारात एवढ्या एकाच ठिकाणी येते. त्याचे क्रियापद मात्र मार्क ३:५ मध्ये वाळलेला हात पूर्वीसारखा झाला हे सांगताना येते, आणि कृत्ये १:६ मध्ये, इस्राएलाचे राज्य याच वेळी परत स्थापणार काय, असे शिष्य विचारतात तेथेही येते. म्हणजे शब्दाच्या पोटात ‘मूळ स्थितीला येणे’ एवढेच आहे. काय यायचे आणि केव्हा यायचे, हे तो सांगत नाही.

मॉर्मन मतानुसार प्रेषितांच्या मृत्यूनंतर सार्वत्रिक धर्मत्याग झाला, याजकपणाचा अधिकार पृथ्वीवरून उठला, आणि त्या पंथाचा संस्थापक जोसेफ स्मिथ याला १८२० मध्ये न्यूयॉर्क राज्यात झालेल्या दर्शनापासून ज्या घटना घडत गेल्या त्यांतून तो परत मिळून ६ एप्रिल १८३० रोजी चर्च स्थापन झाले. ख्रिस्ताने ‘त्या काळापर्यंत’ स्वर्गात राहायचे असेल, तर तो काळ त्याच्या येण्याआधीच सुरू झाला पाहिजे, असा त्यांचा युक्तिवाद आहे. प्रोटेस्टंट भाष्यकार बहुधा त्याच ‘पर्यंत’चा अर्थ, ख्रिस्त परत येईल तेव्हा तो काळ उजाडेल, असा घेतात, शिवाय मंडळीवर अधोलोकाची द्वारे प्रबळ होणार नाहीत असे मत्तय १६:१८ मध्ये म्हटले असल्यामुळे मंडळी मधल्या काळात नाहीशीच झाली होती, हे त्यांना मान्य होत नाही.

याच वाक्यात व्याकरणाचीही एक मौज आहे. ग्रीकमधील संबंधी सर्वनाम ‘काळ’ आणि ‘सर्व’ या दोहोंकडे सारखेच जुळते. मराठीत मात्र ‘ज्या काळाविषयी’ किंवा ‘ज्या गोष्टींविषयी’ यांपैकी एक लिहावेच लागते. दुसरे लिहिले तर संदेष्ट्यांनी सांगितलेल्या गोष्टी पूर्ण होणे असा अर्थ पुढे येतो आणि हरवलेले परत मिळण्याची छटा फिकी पडते, म्हणजे भाषांतरकाराने नकळत एक बाजू घेतलेली असते.

दोन मतांतील अंतर मराठीत देवळाच्या भाषेत नेमके सांगता येते. भिंती खचल्या, शिखर ढासळले, पण गाभाऱ्यातला देव जागेवर आहे, तेव्हा जीर्णोद्धार होतो. मूर्ती भंगली किंवा तिचे देवत्व गेले असे मानले, तर पुनःप्रतिष्ठाच करावी लागते. १५१७ पासून ल्यूथरने आणि त्याच्या अनुयायांनी केले ते पहिल्या प्रकारचे, आणि आपण त्याला धर्मसुधारणा म्हणतो ते योग्यच आहे. जोसेफ स्मिथचा दावा दुसऱ्या प्रकारचा आहे. ख्रिस्ती वाचकाला मूर्तीची उपमा रुचणार नाही, म्हणून ती आपल्या समजुतीपुरती ठेवावी.

यहेज्केल ३७ मधील यहूदाची आणि योसेफाची अशा दोन काठ्या मॉर्मनांना बायबल आणि ‘मॉर्मनचा ग्रंथ’ हे त्यांचे स्वतःचे शास्त्र वाटतात, तर प्रोटेस्टंट त्याच अध्यायातील बाविसाव्या वचनावर बोट ठेवून ती दोन राज्ये म्हणतात. तेथे आपला शब्द अडत नाही.

म्हणून मॉर्मनांची विशिष्ट घटना असेल तेथे ‘पुनःस्थापना’, पेत्राच्या वचनात ‘सर्व पूर्ववत होणे’, आणि इस्राएलाविषयी ‘राज्य परत मिळणे’ असे मी लिहीन. ‘पुनरुद्धार’ टाळीन, कारण उद्धार शब्दात तारणाचा अर्थ डोकावतो.

जुन्या करारातील संदेष्टा मलाखी याने ज्याचे येणे सांगितले त्या एलीया संदेष्ट्याचा उल्लेख लेखात असेल, तर मात्र सावध राहावे. १६११ च्या इंग्रजी बायबलात जुन्या करारात त्याला ‘इलायजा’ आणि नव्या करारात ग्रीक वळणाने ‘एलायस’ म्हटले आहे, आणि मॉर्मन शास्त्रात ३ एप्रिल १८३६ रोजी ओहायोतील कर्टलंडच्या मंदिरात या नावांच्या दोन वेगळ्या व्यक्ती प्रकट झाल्या असे लिहिले आहे. मराठी बायबलात दोन्ही ठिकाणी ‘एलीया’च असल्यामुळे, नावे इंग्रजी उच्चारांप्रमाणे ठेवल्याशिवाय ते वाक्य मराठीत उभेच राहणार नाही.