दगडी घर, मेश वायफाय आणि न जोडले जाणारे स्मार्ट प्लग

आपल्या परभणीच्या घराचा पुढचा भाग जुना, दगडी भिंतींचा आहे आणि मागचा भाग नवा, सिमेंटचा आहे. ड्युअल बँड (२.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा दोन बँडवर चालणाऱ्या) मेशचे, म्हणजे मिळून एकच वायफाय घरभर पसरवणाऱ्या संचाचे, दोन नोड (डबे) बसवल्यापासून मोबाइलवर नेट उत्तम चालते, पण स्मार्ट बल्ब अ‍ॅपमध्ये सापडत नाहीत आणि जो एकमेव प्लग जोडला गेला तो वीज जाऊन आली की ऑफलाइन दिसतो, असे आपण लिहिले आहे. या दोन तक्रारींची कारणे वेगळी आहेत.

बाजारात मिळणाऱ्या बहुतेक स्वस्त बल्ब, प्लग आणि स्विचमधील वायफाय चिप फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालते. ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल तिला दिसतच नाही. मेशमध्ये दोन्ही बँडना एकच नाव असते आणि नोडजवळ उभे राहिले की मोबाइल बहुधा ५ गिगाहर्ट्झ पकडतो. त्यामुळे जोडणी करताना अनेक अ‍ॅप अडखळतात. मात्र एकदा जोडणी झाली, की मोबाइल कोणत्याही बँडवर असला तरी फरक पडत नाही, कारण दोन्ही बँड एकाच नेटवर्कचे असतात. म्हणूनच दोन्ही बँडना कायमची वेगळी नावे द्यावीत, हा नेहमी दिला जाणारा सल्ला मला पटत नाही. दोन मिनिटांच्या अडचणीसाठी घरातल्या सर्वांना रोज नेटवर्क बदलत बसावे लागते.

आपल्या मेशच्या अ‍ॅपमध्ये आयओटी नेटवर्क (स्मार्ट उपकरणांसाठीचे वेगळे नेटवर्क) असा पर्याय असेल, तर त्यात फक्त २.४ गिगाहर्ट्झ आणि डब्ल्यूपीए२ ही वायफाय सुरक्षेची जुनी पद्धत निवडून उपकरणे तिथे जोडावीत. अनेक जुनी उपकरणे डब्ल्यूपीए३ ही नवी पद्धत स्वीकारत नाहीत. तो पर्याय नसेल तर जोडणीपुरता ५ गिगाहर्ट्झ बंद करावा. तेही जमत नसेल तर मोबाइल आणि प्लग दोन्ही घेऊन दगडी भिंतीपलीकडे ओसरीवर जावे. ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल अशा जाड भिंतीत लवकर क्षीण होतो आणि मोबाइल आपोआप २.४ वर उतरतो. गेस्ट नेटवर्क मात्र टाळावे, कारण त्यात बहुधा उपकरणांना एकमेकांशी बोलू दिले जात नाही. आपण नेटवर्कचे नाव देवनागरीत ठेवले आहे, त्याचाही विचार करावा. नावाची मर्यादा ३२ बाइटची असते आणि देवनागरीतील प्रत्येक अक्षरचिन्ह, काना-मात्रासुद्धा, ३ बाइट खाते. शिवाय कित्येक उपकरणांना अशी नावे वाचताच येत नाहीत. साधी रोमन अक्षरे आणि अंक ठेवावेत.

आणखी एक गोष्ट तपासावी. फायबरवाल्याने बसवून दिलेल्या डब्याचे स्वतःचे वायफाय अजून चालू आहे का? मोबाइल त्यावर आणि बल्ब मेशवर असेल, तर दोघे एकाच घरात असूनही वेगवेगळ्या नेटवर्कवर असतात. त्या डब्याचे वायफाय बंद करावे आणि मेश अ‍ॅक्सेस पॉइंट मोडमध्ये चालवावा, म्हणजे तो स्वतःचे वेगळे नेटवर्क न बनवता त्या डब्याचेच नेटवर्क पसरवतो.

आता विजेचा प्रश्न. वीज परत येताच प्लग काही सेकंदांत जागा होतो, पण नोड सुरू व्हायला काही मिनिटे लागतात. जो नोड आधी हाती लागेल त्याला प्लग चिकटतो, मग तो भिंतीपलीकडचा का असेना, आणि नंतर जवळचा नोड सुरू झाला तरी जागा सोडत नाही; दूरचा सिग्नल क्षीण असल्याने तो ऑफलाइन दिसतो. मोबाइलसारखी जवळचा नोड शोधत फिरण्याची समज या स्वस्त चिपमध्ये नसते. उपाय असा, की फायबरचा डबा आणि दोन्ही नोड इन्व्हर्टरच्या लाइनवर घ्यावेत, म्हणजे वीज गेली तरी नेटवर्क उभेच राहील. अ‍ॅपमध्ये उपकरण एका ठरावीक नोडला बांधण्याची सोय असेल तर तीही वापरावी, आणि फास्ट रोमिंग (उपकरणाला एका नोडवरून दुसऱ्यावर झटपट नेण्याची सोय) चालू असेल तर बंद करून पाहावे.

तिसरा नोड घेण्याची घाई करू नये. आपला दुसरा नोड लोखंडी कपाटावर, कूलरच्या मागे ठेवला आहे. पत्रा आणि पाण्याची टाकी दोन्ही सिग्नल अडवतात. तो मोकळ्या जागी, छातीइतक्या उंचीवर ठेवावा. शक्य असेल तर दोन्ही नोड लॅन केबलने जोडावेत. ड्युअल बँड मेशमध्ये नोडांचे आपापसातले बोलणे बहुधा त्याच ५ गिगाहर्ट्झवरून चालते ज्यावर आपले मोबाइल असतात, आणि मध्ये दगडी भिंत आली की सगळ्यांत आधी कॅमेऱ्याचे चित्र अडकायला लागते. बल्बला वेग लागत नाही, कॅमेऱ्याला लागतो.

बोअरची मोटर याच प्लगवर घेऊ का, असेही आपण विचारले आहे. तसे करू नये. सुरू होताना मोटर नेहमीच्या कितीतरी पट प्रवाह खेचते आणि प्लगचे आतले संपर्क चिकटतात. इलेक्ट्रिशियनकडून पॅनलमध्ये कॉन्टॅक्टर (कॉइलला थोडी वीज दिली की मोटरचा मोठा प्रवाह चालू करणारा मजबूत स्विच) बसवून घ्यावा आणि स्मार्ट स्विचने फक्त त्याची कॉइल चालवावी. बंद करण्याची वेळ मात्र त्या स्विचमधल्याच टायमरवर लावावी, कारण एप्रिल-मेमध्ये बोअरचे पाणी तळाला गेले असताना नेट नसल्याने बंदचा आदेश पोहोचला नाही, तर मोटर कोरडी चालून जळेल.