पोच घेतलीस का?

नाशिक,
तिसरा श्रावणी सोमवार

प्रिय पोरी,

आज ब्रह्मगिरीची फेरी. काल रात्रीपासून त्र्यंबकच्या जादा गाड्या सुटतायत. दरवर्षी मी जाते, यंदा गुडघ्यांनी साफ नकार दिला. म्हणून घरी बसून तुझ्या मेसेजला उत्तर लिहितेय. मेसेज चांगला लांबलचक होता, पण प्रश्न एकच होता: "ताई, आमच्या बालहक्क संस्थेनं कम्युनिकेशन आणि ॲडव्होकसी दोन्ही माझ्याकडे दिलंय. सुरुवात कुठून करू?"

आवक-जावकच्या खिडकीपासून कर. चेष्टा करत नाहीये.

ॲडव्होकसीला मराठी शब्द शोधण्यात आम्ही एकेकाळी दोन अख्ख्या बैठका घालवल्या. कुणी म्हणे 'जनवकिली', कुणी म्हणे 'पैरवी'. वकिली म्हटलं की काळा कोट डोळ्यांपुढे येतो आणि पैरवी आपल्या तोंडात बसत नाही. शेवटी सुरगाण्याची एक कार्यकर्ती, जी इतका वेळ चहाचे कप गोळा करत होती, ती म्हणाली, "म्हणजे पाठपुरावाच ना?" बैठक तिथेच संपली. मला आजही तोच शब्द खरा वाटतो. त्यात 'पाठ' आहे, 'पुरवणं' आहे, आणि चपला झिजणं गृहीतच आहे.

साहेबांच्या हातात कागद देऊन फोटो काढला म्हणजे निवेदन दिलं असं नाही. दोन प्रती न्यायच्या. बारनिशीत, म्हणजे त्या आवक-जावकच्या खिडकीत, एक द्यायची, दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्यायचा. ती पोच. ती हातात असली की दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून माहितीच्या अधिकारात विचारता येतं की अमुक क्रमांकाच्या पत्रावर काय कार्यवाही झाली. 2005 च्या कायद्यानं उत्तर 30 दिवसांत द्यावं लागतं. पोच नसेल तर तुझा कागद कुणी पाहिलेलाच नाही. एका कार्यालयात आमचं निवेदन सात महिने 'विचाराधीन' होतं. नंतर कळलं, ते कधी नोंदलंच गेलं नव्हतं. फोटो मात्र होता, हसरा, सगळे ओळीत उभे. तेव्हापासून आमच्याकडे कुणी "निवेदन दिलं" म्हणालं की बाकीचे एका सुरात विचारायचे, "पोच घेतलीस का?"

आता कम्युनिकेशनचं. इथे मी जी चूक केली ती तुला सांगते. बैठकीत ती सांगितली जात नाही.

दहावीतल्या एका मुलीचं ठरलेलं लग्न थांबलं होतं. ग्रामसेवकानं हिंमत दाखवली, अंगणवाडीताई पाठीशी उभी राहिली. (गावात बालविवाह प्रतिबंधक अधिकारी म्हणजे ग्रामसेवक, आताचा ग्रामपंचायत अधिकारी, हे तुझ्या प्रत्येक प्रेसनोटमध्ये एकदा तरी येऊ दे. पुष्कळांना वाटतं हे काम फक्त पोलिसांचं.) मी वार्षिक अहवालात तिची कहाणी पानभर लिहिली. नाव बदललं, चेहरा धूसर केला आणि स्वतःवर खूश झाले. फोटोत तिच्या मागे हातपंप होता. त्याच्या ओट्यावर ऑइलपेंटनं गावाचं नाव लिहिलेलं होतं.

महिन्याभरानं तिचा भाऊ ऑफिसात आला. बसला नाही, पाणी घेतलं नाही. शर्टाच्या खिशातून चार घड्या घातलेलं पान काढलं, टेबलावर तळहातानं सपाट केलं आणि हातपंपावर बोट ठेवलं. "हे कोणासाठी छापलं?" एवढंच विचारलं. अहवाल आमच्याच मेळाव्यात वाटला होता, तिथून तो गावात गेला. शाळेत मुलं तिला 'पान बारा' म्हणून हाका मारत होती. तिनं दहावीची परीक्षा मामाच्या गावातून दिली. भावाला काय उत्तर दिलं ते मला आठवत नाही. बहुतेक काहीच दिलं नाही.

त्या पानासाठी माझ्याकडे तिच्या आईची सही होती. तू म्हणशील, मग झालं की. नाही झालं. आईला अहवाल म्हणजे काय, तो कुठे कुठे जातो, हे मी सांगितलंच नव्हतं. आणि बालकांचं प्रकरण बाल कल्याण समितीपुढे किंवा बाल न्याय मंडळापुढे असेल तर आईच्या सहीनं भागतच नाही. बाल न्याय कायदा, 2015 चं कलम 74 वाच, पाठच कर. नाव, पत्ता, शाळा, ओळख पटेल असा कुठलाही तपशील छापायला बंदी आहे. परवानगी द्यायची तर समिती किंवा मंडळ देणार, तीही लेखी कारणं नोंदवून आणि मुलाच्या हितासाठी असेल तरच. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पॉक्सोच्या, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या 2012 च्या कायद्याच्या कलम 23 मध्ये तर कुटुंबाचा तपशील आणि शेजारपाजारही आलाय. हे वर्तमानपत्रांसाठी आहे, आपण संस्थावाले चांगल्या हेतूनं करतो, अशा भ्रमात राहू नकोस. कायदा हेतू विचारत नाही.

पण शिक्षेच्या भीतीनं हे करू नकोस. हातपंपासाठी कर. मी पुढे एक साधी रीत पाडली. कुठलीही गोष्ट छापण्याआधी त्याच तालुक्यातल्या, पण त्या कामाशी संबंध नसलेल्या माणसाला वाचायला द्यायची. त्यानं "अरे, हे तर..." असं म्हटलं की पान परत. फोटोत मुलापेक्षा मुलाच्या मागचं आधी बघायचं. शाळेचा गणवेश, दुकानाची पाटी, देवळाचा कळस, गाडीचा नंबर. ऑफिसात त्याला नावच पडलं, हातपंप बघणं.

संध्याकाळी सातच्या सुमाराला वार्ताहराचा फोन येईल. "मॅडम, नाव नको, निदान गाव तरी सांगा." चिडू नकोस, त्या बिचाऱ्याला पान लावायचं असतं. गावाच्या बदल्यात त्याच्या हातात बातमी ठेवायला हवी. कुठल्या कार्यालयात कुठला कागद किती दिवस पडून आहे ते सांग, कायद्यानं जबाबदारी कुणाच्या हुद्द्यावर आहे ते सांग. गावापेक्षा ही बातमी मोठी आहे, हे त्याला एकदा पटलं की पुढच्या वेळी तो गाव विचारत नाही. सगळेच ऐकतात असं नाही. न ऐकणाऱ्यांची यादी डोक्यात ठेव, कागदावर नको.

तुझं हत्यार कॅमेऱ्याआधी शब्द आहे, आणि कुठला शब्द वापरलास त्यावर कुठलं कार्यालय जागं होणार हे ठरतं. 2022 मध्ये आपल्या इगतपुरी तालुक्यातलं प्रकरण तुला आठवत असेल. कातकरी वस्तीतली मुलं थोड्या पैशांवर, एखाद्या मेंढीवर नगर जिल्ह्यातल्या मेंढपाळांकडे राबायला ठेवली होती. एक मुलगी दगावली, तेव्हा ते बाहेर आलं. सगळीकडे एकच शब्द चालला, मुलं 'विकली'. 'विकली' म्हटलं की वाचणारा आईबापांना शिव्या घालतो, चहा पितो आणि पान उलटतो. तीच गोष्ट 'वेठबिगारी' म्हटली की 1976 चा कायदा उघडावा लागतो. मग जिल्हाधिकारी आला, प्रांताधिकारी आला, मुक्तता प्रमाणपत्र आलं, पुनर्वसन आलं. मूल तेच, मेंढीही तीच, पण उत्तर देणारा माणूस बदलतो. मला विचारशील तर तुझ्या खुर्चीचं सगळं काम या एका शब्दाच्या अंतरात आहे.

असंच 'बालगुन्हेगार'. तो शब्द तुझ्या संस्थेच्या कागदावर दिसता कामा नये. सरकारी शब्द 'विधिसंघर्षग्रस्त बालक', आणि तो उच्चारेपर्यंत ऐकणाऱ्याचं लक्ष उडतं. निवेदनात तो ठेव, लोकांशी बोलताना 'कायद्याच्या कचाट्यात सापडलेला मुलगा' म्हण. भाषा दोन ठेवाव्या लागतात, कार्यालयाची एक आणि चौकाची एक. अडचण तेव्हा होते जेव्हा आपण कार्यालयाची भाषा चौकात बोलतो आणि चौकाची रडारड घेऊन कार्यालयात जातो.

रडारडीवरून आठवलं. त्याच वर्षी इगतपुरीतल्याच दरेवाडीची मुलं आपली शाळा बंद होतेय म्हणून बकऱ्या घेऊन नाशिकला जिल्हा परिषदेवर निघाली होती. दप्तर तुम्हीच ठेवा, आम्हाला बकऱ्या द्या, म्हणजे वळायला जातो, असा त्यांचा सवाल. प्रशासनाला दखल घ्यावी लागली. माझं मत यावर अजून पक्कं होत नाही. लहान मुलांना घेऊन हमरस्त्यावर उतरणं मला धास्तीचं वाटतं, आणि मोठ्यांची घोषणा मुलांच्या तोंडी घालणं तर मला बघवत नाही. पण त्या चित्रात मूल मागणी करणारं होतं, हात पसरणारं नव्हतं. संयुक्त राष्ट्रांच्या 1989 च्या बालहक्क संहितेच्या 12 व्या कलमात मुलांना आपल्याविषयीच्या निर्णयात मत मांडण्याचा हक्क दिलाय, आणि भारतानं 1992 मध्ये ती स्वीकारलीय. आपण ते कलम पोस्टरवर छापतो आणि कार्यक्रमात मुलांना पाहुण्यांना गुलाबाची फुलं द्यायला उभं करतो. तुझ्या पहिल्या कार्यक्रमात तेवढं बंद कर. वाईटपणा आला तर माझं नाव सांग.

वेळेचं भान. आपल्या जिल्ह्यात ते शेतीच्या हंगामावरून ठेवावं लागतं. द्राक्षाची गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची, सुरू झाली की पेठ-सुरगाण्याची माणसं दिंडोरी-निफाडकडे बागांवर उतरायला लागतात, भातं काढून झाली की आणखी उतरतात. छाटणी, डिपिंग म्हणजे घड औषधात बुडवणं, थिनिंग म्हणजे मणी विरळ करणं, मग काढणी. मुलं बरोबर असतात. फेब्रुवारीत कुणीतरी बागेतल्या मुलाचा फोटो टाकतं, सगळे हळहळतात, आणि तोवर शाळेचं वर्ष जवळपास गेलेलं असतं. स्थलांतरित मुलांसाठी शिक्षण हमी पत्रक आहे. गावची शाळा ते देते आणि जिथे मूल पोचलं तिथल्या शाळेनं त्याला दाखल करून घ्यायचं असतं. मागणी करायची ती ऑगस्टमध्ये: कुठल्या शाळेतली किती मुलं जातात, किती पत्रकं लागतील, तिकडच्या शाळांच्या केंद्रप्रमुखाला कोण कळवणार. या मागणीत फोटो लागत नाही. एक तक्ता लागतो.

सिंहस्थ कुंभमेळ्याचंही तसंच. 2027 फार लांब नाही. रामकुंडावर गर्दी उसळल्यावर हरवलेल्या मुलांच्या कक्षाची मागणी करून काय उपयोग? आराखडा आणि अंदाजपत्रक होतं तेव्हा त्यात बालसंरक्षणाची ओळ घालून घ्यायची असते. विधिमंडळ अधिवेशनाचं सविस्तर पुन्हा कधी सांगेन. तूर्त एवढंच, की आमदाराच्या पीएला एक पान दे, दोन देऊ नकोस. सभागृहात मंत्र्याला उत्तर द्यायला लावणारी लक्षवेधी सूचना त्या एका पानातून निघते.

डोनरबद्दल तू फारच काळजीनं लिहिलंयस. त्यांना चेहरे हवे असतात, मान्य. पण एकदा मी एका देणगीदाराला हातपंपाची गोष्ट जशीच्या तशी सांगितली. त्यानंतर त्यानं कधी चेहरा मागितला नाही. दुसऱ्या एकानं देणगीच थांबवली. दोन्ही होतं. हिशेब असा मांडू नकोस की खरं बोललं की पैसे येतातच.

आणि रीलचं म्हणशील तर मला त्यातलं कळत नाही. तुला कळतं, तू कर. फक्त पावसात पत्र्याच्या वर्गात बसलेल्या मुलांचं शूटिंग करताना मागे संथ व्हायोलिन लावू नकोस. पत्र्यावरच्या पावसाचा आवाज पुरे. त्या आवाजात बाईंना फळ्यावरचं वाचून दाखवता येत नाही, मुद्दा तोच आहे.

गुरुवारी मला जिल्हा परिषदेत काम आहे. हमी पत्रकाच्या मागणीचं निवेदन लिहून आण, एक पान, विषय एका ओळीत, आणि तक्ता सोबत जोड. आधी मला दाखव, मग आपण दोघी बारनिशीत जाऊ. प्रती दोन. स्टेपलरही आण, मी हल्ली नेहमी विसरते.

तुझी,
ताई

ता. क. तू ब्रोशरच्या मुखपृष्ठासाठी पाठवलेला फोटो पाहिला. मुलाचा चेहरा दिसत नाही, चांगलं केलंस. डाव्या कोपऱ्यात टेम्पोचा नंबर आहे.