हातावर मावणारा डॅक बनवायचाय? चिप नंतर ठरवा

तुम्ही विचारलंय त्याचं सार असं: राहायला डोंबिवलीला, लॅपटॉप आणि फोन दोन्हींना लावता येईल असा हातावर मावणारा यूएसबी डॅक (डिजिटल ऑडिओचं ॲनालॉग सिग्नलमध्ये रूपांतर करणारी डबी) स्वतः बनवायचाय. घरच्या जुन्या स्टिरिओ ॲम्प्लिफायरला तो जोडता यावा आणि लोकलमध्ये इअरफोनही त्यावरच चालावेत. चिपच्या बाबतीत टीडीए १५४१ए, पीसीएम ५१०२ए आणि ईएस ९०३८क्यू२एम या तिघांत तुम्ही अडकला आहात.

मी बरीच वर्षं असे छोटे डॅक बनवतोय, आणि लोकांनी बनवलेले बिघडलेले बोर्डही माझ्याकडे दुरुस्तीला येतात. आवाज खराब आहे अशी तक्रार असलेल्या बोर्डांत चिप क्वचितच दोषी निघते. दोष सापडतो तो ५ व्होल्टच्या वाटेवर, ग्राउंडच्या (शून्य व्होल्टच्या सामाईक वाटेच्या) मांडणीत, किंवा चिपच्या पायाला चिकटून असायला हवा होता त्या कपॅसिटरमध्ये, जो कुठेतरी इंचभर लांब बसवलेला असतो. चिप निवडण्यात तुम्ही जेवढा वेळ घालवताय त्यातला निम्मा जरी या तीन गोष्टींना दिलात, तरी डॅक उत्तम होईल.

तरी चिपचं आधी संपवून टाकू. टीडीए १५४१ए ही फिलिप्सची जुनी मल्टिबिट चिप सुरेख आहे, मला स्वतःला तिचा आवाज आवडतो. पण तिला +५, −५ आणि −१५ असे तीन पुरवठे लागतात, वर २८ पायांचं मोठं डीआयपी पॅकेज. हातावर मावणाऱ्या, यूएसबीवर चालणाऱ्या डबीत तिचं काम नाही. शिवाय तिचं उत्पादन केव्हाच बंद झालंय, त्यामुळे बाजारात मिळणारा नग खरा की वरचं छापील नाव घासून नवीन टाकलेला, हे ओळखणं अवघड. ईएस ९०३८क्यू२एमचे आकडे डोळे दिपवतात, पण ते आकडे मिळवायचे तर उत्तम क्लॉक (चिपला ताल देणारा सिग्नल), धन-ऋण पुरवठ्यावरचा ऑप-ॲम्पचा (सिग्नल वाढवणाऱ्या चिपचा) टप्पा आणि बहुतेक डिझाइनमध्ये एक मायक्रोकंट्रोलरही लागतो. पहिल्याच प्रयत्नात हे सगळं दोन इंचांत बसवू नका.

राहिली पीसीएम ५१०२ए. माझं मत तिच्या बाजूने आहे, आणि त्याचं कारण सिग्नल आणि खरखर यांतलं तिचं ११२ डेसिबलचं अंतर नाही. तिच्या पोटातच चार्ज पंप आहे. तो ३.३ व्होल्टवरून ऋण व्होल्टेज तयार करतो, त्यामुळे आउटपुट शून्य व्होल्टभोवती फिरतं आणि डीसी अडवणारे जाड कपलिंग कपॅसिटर लागतच नाहीत. २.१ व्होल्ट आरएमएस थेट मिळतात, कुठल्याही ॲम्प्लिफायरला पुरेसे. मास्टर क्लॉकही वेगळा द्यावा लागत नाही. एससीके (मास्टर क्लॉकचा) पाय ग्राउंडला जोडला की चिप ऑडिओच्या बिटांबरोबर येणाऱ्या बिट क्लॉकवरूनच आपला क्लॉक बनवते. बोर्ड लहान होतो तो अशा गोष्टींमुळे.

आता तुमच्या प्रश्नातली खरी अडचण. ॲम्प्लिफायर आणि इअरफोन दोन्ही एकाच डबीत हवेत, हे मला पटत नाही. पीसीएम ५१०२एचं आउटपुट किमान १ किलोओहमचा लोड (पुढे जोडलेल्या उपकरणाचा रोध) गृहीत धरून बनवलेलं आहे. तिला १६ किंवा ३२ ओहमचे इअरफोन थेट लावले तर आवाज दबतो आणि फाटतो. इअरफोनसाठी मध्ये हेडफोन ॲम्प्लिफायर घालावा लागेल, म्हणजे आणखी भाग, आणखी गरम होणं, आणखी ग्राउंडचे प्रश्न. त्यापेक्षा दोन डबे करा.

लोकलसाठी पीसीएम २७०४सी घ्या. यूएसबी आणि डॅक एकाच चिपमध्ये, क्लॉकसाठी १२ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल आणि मोजके भाग, ड्रायव्हर न टाकता विंडोज, लिनक्स आणि बहुतेक अँड्रॉइड फोनवर चालते, ३२ ओहमवर १२ मिलिवॅट देते. १६ बिट आणि ४८ किलोहर्ट्झपर्यंतच आहे म्हणून नाक मुरडू नका. सीडी १९८२ मध्ये आली ती १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झवर, आणि १६ बिटांचे साधारण ९६ डेसिबल विरार फास्टच्या दारात उभं राहून ऐकणाऱ्याला कधीच कमी पडणार नाहीत. फक्त या चिपचं आउटपुट निम्म्या पुरवठ्यावर टेकलेलं असतं, म्हणून इथे कपलिंग कपॅसिटर हवेतच. ३२ ओहमला २२० मायक्रोफॅरड लावलात तर खालचा कट-ऑफ (ज्याच्या खाली आवाज गळायला लागतो ती फ्रीक्वेन्सी) साधारण २३ हर्ट्झवर येतो. १६ ओहमच्या इअरफोनला तोच कपॅसिटर ४५ हर्ट्झवर नेऊन ठेवतो, म्हणजे तबल्याच्या डग्ग्याचा घुमारा बारीक होतो. तिथे ४७० मायक्रोफॅरड घ्या. डबी केवढी होणार ते हे दोन कपॅसिटरच ठरवतात, म्हणून लेआउट काढायच्या आधी ते हातात आणून मोजा.

घरच्या ॲम्प्लिफायरसाठी पीसीएम २७०६सी आणि पीसीएम ५१०२ए ही जोडी. २७०६सीचा एफएसईएल पाय ग्राउंडला धरला की ती आय-स्क्वेअर-एस (एका चिपकडून दुसरीकडे जाणारा डिजिटल ऑडिओ) बाहेर देते, त्यातल्या तीन तारा ५१०२एला गेल्या की झालं. पुढेमागे रास्पबेरी पाय (एका बोर्डावरचा छोटा संगणक) घेतलात तर २७०६सी काढून टाका आणि रास्पबेरी पायच्या १२, ३५ आणि ४० नंबरच्या पिन अनुक्रमे ५१०२एच्या बीसीके, एलआरसीके आणि डीआयएन या पायांना जोडा, शिवाय दोघांचं ग्राउंड एक करा.

हातात तयार जांभळा ५१०२ए बोर्ड घेऊन सुरुवात करणार असाल तर एक पाहून ठेवा. मागे सोल्डरने जोडायच्या चार जागा असतात. त्यातली तिसरी, म्हणजे म्यूटची एक्सएसएमटी, ‘एच’कडे आणि बाकीच्या तीन ‘एल’कडे जोडायच्या. पुढच्या बाजूची एससीकेची जागाही जोडायची. एक्सएसएमटी मोकळी राहिली तर चिप म्यूटमध्ये बसून राहते. ‘बोर्ड मेलेला आला’ म्हणून माझ्याकडे आलेल्या कित्येक बोर्डांना फक्त सोल्डरचा एक ठिपका हवा होता.

आता वीजपुरवठा. लॅपटॉपच्या यूएसबीचे ५ व्होल्ट स्वच्छ नसतात. त्यात लॅपटॉपच्या स्विचिंग कन्व्हर्टरचा कचरा असतो, आणि फुल-स्पीड यूएसबीत दर मिलिसेकंदाला एक फ्रेम जाते, त्यामुळे १ किलोहर्ट्झची बारीक शिट्टी पुरवठ्यावर उमटते. हाय-स्पीडमध्ये तीच ८ किलोहर्ट्झवर. नुसता लो-ड्रॉपआउट रेग्युलेटर (व्होल्टेज स्थिर ठेवणारी चिप) लावून सगळं जात नाही, कारण फ्रीक्वेन्सी वाढत गेली की रेग्युलेटरची गाळण्याची ताकद कमी होत जाते. म्हणून त्याच्या आधी ४.७ ओहमचा रेझिस्टर आणि ४७ मायक्रोफॅरड ठेवा. ३० मिलिअँपला या रेझिस्टरवर जेमतेम ०.१४ व्होल्ट पडतात, पण साधारण ७०० हर्ट्झच्या वरचा कचरा तिथेच मरायला लागतो. यूएसबीच्या नियमाप्रमाणे पुरवठ्यावर थेट १० मायक्रोफॅरडपेक्षा जास्त लावू नये, नाहीतर प्लग लावताक्षणी करंटचा झोत जाऊन काही फोन डबी नाकारतात. हा रेझिस्टर तो झोतही आवरतो. रेग्युलेटर म्हणून एलपी ५९०७ घ्या. त्याची स्वतःची खरखर फार कमी, आकार तांदळाच्या दाण्याएवढा. जमलं तर ५१०२एच्या एव्हीडीडीला (ॲनालॉग पुरवठ्याच्या पायाला) एक आणि डिजिटल व चार्ज पंपाला दुसरा, असे दोन लावा. माझ्या कानांना आणि मोजणीलाही, सगळ्यात मोठा फरक इथे दिसलाय.

ग्राउंडबद्दल खूप जुने समज फिरतात. ॲनालॉग आणि डिजिटल ग्राउंड कापून वेगळे करा आणि एका बिंदूत जोडा, असं तुम्हाला कोणीतरी सांगेलच. एवढ्या छोट्या बोर्डावर ते करू नका. बोर्डाची खालची अख्खी तांब्याची लेयर सलग ग्राउंड ठेवा आणि भागांची जागा शहाणपणाने निवडा: यूएसबी एका टोकाला, आउटपुट दुसऱ्या टोकाला, मध्ये चिप. डिजिटल करंट ज्या वाटेने जातो तिच्याच खालून परततो. ती वाट आउटपुटच्या खालून जाणार नाही एवढं पाहिलं की काम झालं. ग्राउंड कापलं आणि त्या चिरेवरून एखादी क्लॉकची तार गेली, तर परतीच्या करंटला लांबचा वळसा घ्यावा लागतो आणि तो वळसा अँटेनासारखा वागतो. म्हणूनच झिरो पीसीबीवर (नुसत्या भोकांच्या तयार बोर्डावर) तारा ओढून हा डॅक करू नका. दोन लेयरचा बोर्ड बनवून घेणं आता खिशाला परवडतं.

५१०२एचे पहिले पाच पाय चार्ज पंपाचे आहेत. दुसऱ्या आणि चौथ्या पायांमधला २.२ मायक्रोफॅरड आणि पाचव्या पायापासून ग्राउंडला जाणारा दुसरा २.२, हे दोन्ही सिरॅमिक अगदी पायांना खेटून बसवा. आउटपुटला प्रत्येक चॅनेलवर ४७० ओहम आणि २.२ नॅनोफॅरड. हा २.२ नॅनो मात्र एनपीओ जातीचाच हवा. एक्स७आर जातीच्या सिरॅमिकची धारिता (कपॅसिटन्स) व्होल्टेजबरोबर बदलते, आणि सिग्नलच्या वाटेवर तसा कपॅसिटर म्हणजे विकत घेतलेलं डिस्टॉर्शन (आवाजाची मोडतोड).

यूएसबी-सी सॉकेट लावणार असाल तर सीसी१ आणि सीसी२ या दोन्ही पायांना वेगवेगळा ५.१ किलोओहम ग्राउंडला द्या. एकच रेझिस्टर दोघांत वाटू नका. हे नसेल तर दोन्ही टोकांना सी असलेल्या केबलवर तुमच्या डबीला वीजच मिळणार नाही, आणि तुम्ही चिप जळाली समजून बसाल.

खरेदीचं म्हणाल तर दादरला गाडी बदलून स्लो लोकलने ग्रँट रोडला उतरा आणि पूर्वेकडून लॅमिंग्टन रोड गाठा. रविवारी जाऊ नका, बहुतेक दुकानं बंद असतात. रेझिस्टर, इलेक्ट्रोलिटिक, आरसीए सॉकेट (ॲम्प्लिफायरच्या मागे असतात ती गोल), ३.५ मिमी जॅक, शील्डेड वायर, ॲल्युमिनियमची डबी, फ्लक्स (सोल्डर नीट पसरायला लावायचा चिकट पदार्थ), आयसोप्रोपाइल अल्कोहोल हे सगळं तिथे हाताळून, पारखून घेता येतं. चिप, रेग्युलेटर आणि एनपीओ कपॅसिटर मात्र अधिकृत वितरकाकडून ऑनलाइन मागवा. डबी धातूचीच घ्या आणि ती ग्राउंडला एकाच ठिकाणी जोडा. फोन २जी नेटवर्कवर गेला की त्याचं ट्रान्समिशन सेकंदाला २१७ वेळा चालू-बंद होतं, आणि प्लास्टिकच्या डबीत ती टर्रर्र थेट इअरफोनमध्ये येते.

सोल्डरिंगला घाबरू नका. ०.६५ मिमी अंतराचे पाय भरपूर फ्लक्स लावून, टोकावर थोडंच सोल्डर घेऊन एका ओढीत होतात. दोन पाय जोडले गेले तर विकने (तांब्याच्या तारांच्या वेणीने) सोल्डर शोषून घ्या. पण नंतर बोर्ड धुवायचा कंटाळा मुंबईत परवडत नाही. उरलेला चिकट फ्लक्स जुलैच्या हवेत ओल धरतो. २७०४सी आणि २७०६सीच्या क्रिस्टलला समांतर १ मेगओहम असतो. तिथे ओलसर फ्लक्समधून करंट झिरपायला लागला की क्रिस्टल सुरू व्हायला कुरकुर करतो, आणि उन्हाळ्यात धडधाकट चालणारी डबी पावसाळ्यात लॅपटॉपला दिसेनाशी होते. अल्कोहोल आणि जुना टूथब्रश घेऊन दोनदा धुवा, पूर्ण वाळू द्या, मग क्रिस्टलच्या भागावर कॉन्फॉर्मल कोटिंगचा (ओल अडवणाऱ्या लेपाचा) पातळ हात मारा.

ॲम्प्लिफायरला जोडल्यावर घूं असा आवाज आला तर लगेच बोर्ड उघडू नका. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवून पाहा. आवाज गेला तर तुमचा डॅक निर्दोष आहे. दोन पिनांच्या चार्जरमध्ये वाय-कपॅसिटर (मेन्स आणि आउटपुट यांच्यामधले, कचरा गाळणारे) असतात, त्यांच्यामुळे लॅपटॉपची बॉडी मेन्सच्या साधारण निम्म्या व्होल्टेजवर तरंगत असते. करंट अगदी थोडा असतो, पण तो तुमच्या आरसीए केबलच्या जाळीतून (बाहेरच्या ग्राउंडच्या तारेतून) ॲम्प्लिफायरच्या अर्थिंगकडे जातो. जुन्या चाळी-बिल्डिंगांत सॉकेटला तीन भोकं असतात पण तिसऱ्याला मागे तारच नसते, तेही एकदा इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. आणि आरसीए लावताना मधली पिन जाळीच्या आधी टेकते, म्हणजे तो तरंगता व्होल्टेज थेट डॅकच्या आउटपुटवर. म्हणून आधी आरसीए जोडायचे, मग यूएसबी, आणि ॲम्प्लिफायर सगळ्यात शेवटी चालू करायचा.

मोजणीसाठी महागडी यंत्रं लागत नाहीत. ऑडॅसिटी या मोफत ऑडिओ सॉफ्टवेअरमध्ये टोन बनवा, डॅकमधून वाजवा, बऱ्यापैकी लाइन-इन असलेल्या साउंड कार्डावर रेकॉर्ड करा आणि स्पेक्ट्रम पाहा. टोन १ किलोहर्ट्झचा घेऊ नका. यूएसबीची शिट्टीही तिथेच असते, ती टोनखाली लपून जाईल. ४०० हर्ट्झ घ्या. ५० आणि १०० हर्ट्झला शेंडे दिसले तर वरचं अर्थिंगचं प्रकरण. १ किलोहर्ट्झला आणि त्याच्या पटींत दिसले तर पुरवठ्याकडे परत जा. ८०० आणि १२०० ला दिसले तर ते डिस्टॉर्शन आहे. मग आउटपुटचे कपॅसिटर, लोड आणि लाइन-इनची लेव्हल तपासा.

बोर्ड बनवायला पाठवण्याआधी दोन्ही लेयरची वेगवेगळी चित्रं इथे टाका. त्यात चार्ज पंपाचे कपॅसिटर आणि रेग्युलेटरच्या ग्राउंडचे व्हाया (दोन लेयर जोडणारी भोकं) स्पष्ट दिसू द्या, मी बघून सांगतो.