साताऱ्याचे विरुद्ध टोक अमेरिकेत नाही

आपण विचारले आहे की साताऱ्यातून पृथ्वीच्या केंद्रामार्गे सरळ पलीकडे निघाल्यास आपण अमेरिकेत पोहोचू का, आणि नकाशावर ग्रीनलँड भारताहून मोठा का दिसतो. पहिल्या प्रश्नाचे उत्तर ठामपणे ‘नाही’ असे आहे. सातारा १७.७ अंश उत्तर व ७४ अंश पूर्वेला असल्याने त्याचा विरुद्ध बिंदू १७.७ अंश दक्षिण व १०६ अंश पश्चिमेला, म्हणजे ईस्टर बेटाच्या उत्तरेस हजारभर किलोमीटरवर भर पॅसिफिक महासागरात येतो. सांगलीच्या वाट्यालाही तोच महासागर येतो.

आमच्या दाजींना हे आजतागायत मान्य नाही. भाचा न्यू जर्सीत नोकरीला लागला त्या वर्षी गौरीच्या जेवणानंतर त्यांनी भिंतीवरच्या नकाशावर बोट ठेवून सर्वांना सांगितले की आपण ७४ पूर्व, न्यूयॉर्क ७४ पश्चिम, तेव्हा पोरगा बरोबर आपल्या पायाखाली आहे. आकडे खरे आहेत, निष्कर्ष साफ चूक आहे. विरुद्ध बिंदूसाठी पूर्व आणि पश्चिम रेखांशांची बेरीज १८० यावी लागते, येथे ती १४८ होते; शिवाय दुसरे ठिकाण दक्षिण गोलार्धात हवे, आणि न्यूयॉर्क तर आपल्याहूनही उत्तरेला आहे. मी पृथ्वीगोल आणला, दोऱ्याचे एक टोक साताऱ्यावर अंगठ्याने दाबून धरले आणि दुसरे न्यूयॉर्कपर्यंत ताणले. दोरा आफ्रिकेवरून न जाता रशिया, नॉर्वे आणि आइसलँडच्या बाजूने वर चढून मग खाली उतरला. हे अंतर सुमारे १२,७०० किलोमीटर आहे. विरुद्ध बिंदू मात्र कोणत्याही दिशेने गेलात तरी सुमारे २०,००० किलोमीटरवर असतो. “गोल पोरांना खेळायला असतो,” एवढे बोलून दाजींनी विषय संपवला. घरच्या जावयापुढे कोणी बोलले नाही, याचे मला अजूनही वाईट वाटते, कारण तेथे शाळेत जाणारी मुले बसली होती.

ग्रीनलँड सुमारे २१.७ लाख चौरस किलोमीटर आहे आणि भारत ३२.९ लाख. मर्केटरने १५६९ साली खलाशांसाठी केलेल्या नकाशात होकायंत्राची दिशा सरळ रेषेत यावी म्हणून ध्रुवांकडचा भाग ताणला जातो; ६० अंशांवर क्षेत्रफळ चौपट दिसते. अर्थात भिंतीवरचा प्रत्येक नकाशा मर्केटरचा नसतो, आणि हा नकाशाही त्याच्या कामापुरता अचूकच आहे. मात्र त्यावरून अंतरे आणि आकार ठरवू नयेत.

आपल्या घरी कोणी ‘तिकडे रात्र असते, म्हणजे ते अगदी विरुद्ध टोक’ असे म्हणत असेल, तर ती व्यक्ती कितीही मानाची असली तरी तिला तिथल्या तिथे सांगावे की न्यूयॉर्कचे घड्याळ आपल्यामागे उन्हाळ्यात साडेनऊ आणि हिवाळ्यात साडेदहा तास असते, बारा तास नव्हे.