सरांनंतर संस्थेचं काय?

प्रश्न : माझा मुलगा २४ वर्षांचा आहे, बौद्धिक अक्षमता आहे, नाशिकमधल्याच एका संस्थेच्या कार्यशाळेत जातो. संस्था सरांनी शून्यातून उभी केली, पण आता ते सत्तरीपार आहेत, तब्येत साथ देत नाही. कमिटीत बहुतेक त्यांच्या घरचेच लोक. एका कंपनीच्या सीएसआरवर (कंपन्या समाजकार्यासाठी देतात तो निधी) सगळं चालतं, तो हप्ता लांबला की पगार थकतात, यावर्षी दोन स्पेशल टीचर सोडून गेल्या. आता सरांनी आम्हा काही पालकांना कमिटीत या म्हणून विचारलंय. जावं का? आणि हिशोब विचारला तर सरांना वाईट वाटेल का?
– एक आई, इंदिरानगर

उत्तर : ताई, जरूर जा. तुमच्यासारख्या प्रत्येक आईला एकच घोर असतो, आमच्यानंतर याचं काय, आणि त्या प्रश्नाचं अर्धं उत्तर सरांनंतर संस्थेचं काय यात आहे.

आधी कागद बघा. आपल्याकडच्या बहुतेक संस्था १८६० च्या सोसायटी कायद्याखाली आणि १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंदलेल्या असतात, तर धर्मादाय कार्यालयातून शेड्युल वनचा, म्हणजे संस्थेच्या नोंदीचा, ताजा उतारा काढा आणि त्यावर कोणाकोणाची नावं आहेत ते वाचा. बऱ्याच ठिकाणी वारलेल्या माणसांची नावं तशीच असतात, कारण बदल झाल्यापासून ९० दिवसांत चेंज रिपोर्ट (बदलाची कळवणी) धर्मादाय कार्यालयात द्यायचा असतो तो कोणी दिलेलाच नसतो, मग बँकेत सह्या बदलताना अडतं, ग्रँटच्या वेळी अडतं, आणि सर नसतील त्या दिवशी तर सगळंच अडेल. तुमची नावं घेतली तर ठराव प्रोसिडिंग बुकात (सभेच्या नोंदवहीत) लिहून लगेच चेंज रिपोर्ट टाका, नाहीतर तुम्ही नुसत्या सांगण्यापुरत्या कमिटीत. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याखालचं नोंदणी प्रमाणपत्र चालू आहे ना तेही बघा, त्याशिवाय अशी संस्था चालवताच येत नाही.

हिशोबाचं म्हणाल तर सरांकडे एकटं जाऊन विचारूच नका, सभेच्या विषयपत्रिकेतच "तिमाही जमाखर्च" हा विषय कायमचा घाला. मग तो कुणावर अविश्वास राहत नाही, पद्धत होते. आणि खरं सांगू का, इतकी वर्षं एकट्याने ओझं वाहिलेल्या माणसाला यात हायसंच वाटण्याची शक्यता जास्त. चेकवर दोन सह्या, त्या एकाच घरातल्या नकोत. एचएएलचा विमान कारखाना, नोटांची प्रेस, बँका इथून रिटायर झालेले हिशोबात पक्के लोक नाशिकमध्ये भरपूर आहेत, त्यातला एखादा खजिनदार म्हणून मागा.

फक्त पालकांनीही कमिटी भरू नये हं. स्वतः दिव्यांग असलेली एकदोन माणसं हवीतच, अंध असतील, व्हीलचेअरवर असतील, कारण काळजीपोटी आपण पालक जे "नको, त्याला जमणार नाही" म्हणतो ते त्यांना लगेच दिसतं. कार्यशाळेतल्या मुलांनाही (मुलं कसली, मोठी माणसं आहेत ती) महिन्यातून एकदा बसवून विचारा, चित्रं दाखवून विचारा, कोणतं काम आवडतं, काय नको. हे बहुतेक ठिकाणी होत नाही याचं मला फार वाईट वाटतं.

आता पैसा. सीएसआर वाईट नाही, पण तो प्रोजेक्टला मिळतो, कायद्याने चालू प्रोजेक्टची मुदतही सुरुवातीचं वर्ष सोडून जास्तीत जास्त तीन वर्षं, म्हणजे पगाराचा पाया त्यावर घालताच येत नाही. पहिलं ध्येय सहा महिन्यांच्या पगाराएवढी एफडी, बाकी रंगरंगोटी, गॅदरिंग सगळं नंतर. शिकवणाऱ्या ताई टिकल्या तरच संस्था टिकते, आपल्या मुलांना नवीन माणसाची सवय व्हायला किती वेळ लागतो ते तुम्हाला सांगायला नको. त्यासाठी दरमहा थोडं थोडं देणारे खूप लोक जोडा, आणि मोठी देणगी कायम निधीसाठी (मुद्दल न मोडता फक्त व्याज वापरायचं) असेल तर दात्याकडून तसं लेखी घ्या. सातपूर-अंबडच्या कारखान्यांकडे देणगीआधी काम मागा, पॅकिंग, असेंब्ली, दर ठरवून. दिवाळीच्या पणत्यांवर वर्ष निघत नाही.

आणि मुलगा १८ च्या पुढचा आहे म्हणून एक विचारते, नॅशनल ट्रस्ट कायद्याखाली त्याचं कायदेशीर पालकत्व घेतलंय का? जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक समितीकडे अर्ज करायचा असतो. त्याच ट्रस्टच्या निरामय आरोग्य विम्याचंही बघा, १ लाखापर्यंत संरक्षण आहे.

प्रश्न : वडिलांच्या स्मरणार्थ दिव्यांगांसाठीच्या एका संस्थेला ५० हजार द्यायचेत, संस्था बरी आहे हे ओळखायचं कसं?
– एक वाचक, नाशिकरोड

उत्तर : आधी न सांगता नको, पण कामाच्या दिवशी जाऊन या, कार्यक्रमाच्या दिवशी नाही. मागच्या वर्षीचा ऑडिट रिपोर्ट मागा, आढेवेढे न घेता दिला तर बरंच काही कळलं. कमिटीत किती जण एकाच घरचे आहेत आणि दिव्यांग किती आहेत तेही विचारा. पैसे चेकने किंवा ऑनलाइनच द्या, २ हजारांच्या वर रोख दिलं तर देणगीवरची आयकर सवलत मिळत नाही. आणि शक्य असेल तर वडिलांच्या नावाच्या पाटीऐवजी पगार फंडाला द्या.