जुगलबंदी नव्हे, जुंपली!

प्रश्न असा आहे: "बॅटमॅन आणि हॅनिबल लेक्टर यांची जुगलबंदी रंगली तर कोण जिंकेल? आणि अशा 'शोडाउन'ला मराठीत 'आमनेसामने' म्हणावं का?"

(लेक्टर म्हणजे कादंबऱ्या-सिनेमांतला माणसं खाणारा खुनी.) आधी ती जुगलबंदी आवरा. दोन पुढाऱ्यांनी एकमेकांची उणीदुणी काढली की बातमीत जुगलबंदी, सासूसुनेचं वाजलं की मालिकेत जुगलबंदी! बिस्मिल्ला खाँची सनई आणि व्ही. जी. जोगांचं व्हायोलिन, ही जुगलबंदी. तिथं कुणी कुणाची कलेजी तळून खात नाही. 'आमनेसामने' हिंदी, आपलं 'समोरासमोर' काय वाईट आहे? 'शोडाउन' मूळचा पत्त्यांच्या डावातला, शेवटी पानं उघडी करण्याचा. तीनपत्तीवाले नुसतं 'शो' म्हणतात. झालं.

खरी गंमत 'जुगल'मध्ये आहे. संस्कृत 'युगल', धातू 'युज्', म्हणजे जोडणं. बैलाच्या मानेवरचं 'जू' त्याच घरातलं, 'जुळं'ही त्याच घरातलं, आणि इंग्रजांचा 'योक' लांबचा चुलतभाऊ. आता बाराव्या शतकातल्या हेमचंद्राचं प्राकृत व्याकरण उघडा. 'युज्'च्या जागी तो तीन रूपं देतो: जुञ्ज, जुज्ज आणि जुप्प. त्यातलं 'जुप्प' म्हणजे आपलं 'जुंपणं'! बैल जुंपतात आणि भांडणही जुंपतं, क्रियापद एकच. 'झुंज' मात्र परक्या घरची. ती 'युध्'ची, प्राकृत 'जुज्झइ'ची लेक. एका निवृत्त प्राध्यापकांनी मला ठासून सांगितलं होतं की भांडण 'जुंपतं' ते 'झुंज'वरून. मग त्यातला 'प' कुठून आला, असं विचारल्यावर त्यांना अचानक चहाची आठवण झाली.

माझं मत विचाराल (न विचारताही सांगतोच), तर आपल्या भाषेला वैर हीसुद्धा एक जोडणीच वाटते. लग्नात गाठ बांधतात आणि दम देतानाही म्हणतात, "गाठ माझ्याशी आहे!" 'द्वंद्व' घ्या. व्याकरणात रामलक्ष्मणांना जोडणारा समास, आखाड्यात भीम-जरासंधांची कुस्ती. आणि कालिदास तर वसंतात प्रेमात आलेल्या पशुपक्ष्यांच्या जोड्यांना 'द्वंद्वानि' म्हणतो. शब्दकोशांत हे दोन अर्थ 1 आणि 2 असे आकडे घालून वेगळे छापतात. मला ते पटत नाही. अर्थ एकच आहे: दोघं एकमेकांना असे बांधले गेलेत की सुटता येत नाही.

म्हणून या जोडीला 'जुंपली' हाच शब्द शोभतो. बॅटमॅन 1939चा, लेक्टर 1981चा. वयात बेचाळीस वर्षांचं अंतर, तरी दोघांची मान एकाच जुवाखाली. लेक्टर मानसोपचारतज्ज्ञ. तो मुक्का मारणार नाही, बॅटमॅनच्या आईबापांच्या खुनाबद्दल हळूच एक प्रश्न विचारेल. बॅटमॅन कुणाचाही जीव न घेण्याच्या नेमाला बांधलेला, त्यामुळे मुठी असूनही अडकलेला. याला जुगलबंदी कोणत्या तोंडानं म्हणायचं? लेक्टरला आवडणाऱ्या, जर्मन संगीतकार बाखच्या गोल्डबर्ग रचनासुद्धा एकट्यानंच वाजवायच्या असतात.

हो, कोण जिंकेल ते राहिलंच. बॅटमॅन, बहुधा. फक्त लेक्टरनं जेवायला बोलावलं तर त्यानं घरून डबा न्यावा.