आधी माती वाच, मग नकाशा

चिरंजीवास,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या सायकल प्रवासाचा आराखडा वाचला. रत्नागिरीहून निघायचं, सोलापूरवरून आंध्रच्या किनाऱ्यावरचं मछलीपट्टण गाठायचं आणि जमेल तिथे डांबर टाळायचं. कॅनडापासून मेक्सिकोच्या सीमेपर्यंत जाणारी चार हजार किलोमीटरहून लांब ‘ग्रेट डिव्हाइड’ सायकलवाट पाहून हे डोक्यात आलं म्हणतोस. येऊ दे की. मात्र त्या वाटेचे नकाशे तिकडच्या एका सायकल संस्थेने १९९७ मध्येच काढून ठेवलेत. पाणी कुठे, दुकान कुठे, चढ किती, सगळं आयतं मिळतं. तुझ्या वाटेचं हे काम तुलाच करावं लागणार.

आराखड्यात रोजचे ऐंशी किलोमीटर धरलेस, ते आधी खोड. कच्च्या रस्त्यावर दिवसाचा पल्ला माती ठरवते. एखाद्या दिवशी ऐंशी होतील, एखाद्या दिवशी पंधराला नाकी नऊ येतील. म्हणून तुझ्या वाटेचे तुकडे जिल्ह्यांप्रमाणे पाडू नकोस, जमिनीप्रमाणे पाड.

कोकणात जांभा. खडबडीत असतो, हाडं खिळखिळी करतो, पण पाणी धरून ठेवत नाही. घाट चढून आलास की बेसाल्ट. आटपाडी-सांगोल्याकडच्या माळावर मुरूम लागेल, आणि सायकलला मुरमासारखं सुख नाही. खरी परीक्षा मंगळवेढ्यापासून पुढे, आपल्याच अंगणात, सोलापूर भागात. ज्वारी पिकवणारी ही काळी माती चिकणमातीच्या ज्या जातीची आहे ती पाणी प्यायली की फुगते आणि वाळली की आक्रसते. उन्हाळ्यात भेगांत हात जातो तो यामुळेच. वाळलेली असताना तिच्यावरून सायकल झक्कास पळते. एक सर पडू दे, मग बघ. दहा पावलांत चाक दुप्पट जाड होतं, चाक धरणाऱ्या फोर्कमध्ये चिखल गच्च भरतो, आणि तू जोर लावून पायडल मारलंस की मागचा डिरेलर, म्हणजे गिअर बदलणारा भाग, चाकात ओढला जाऊन मोडतो. ग्रेट डिव्हाइडच्या अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यातल्या टप्प्यातही असलीच चिकणमाती आहे, आणि तिथले कसलेले सायकलवालेही पाऊस आला की गुमान थांबतात. तूही थांब. चाक फिरेनासं झालं की उतर, काडीने चिखल काढ, सायकल खांद्यावर घे आणि जवळचं डांबर गाठ. त्यात कमीपणा कसला? रत्नागिरी-सोलापूर हायवे आणि सोलापूरहून हैदराबाद, विजयवाडा करत मछलीपट्टणला संपणारा ६५ नंबरचा हायवे, हे दोन्ही साधारण तुझ्याच दिशेने जातात. रोज सकाळी निघण्याआधी आज हायवे डाव्या हाताला आहे की उजव्या आणि किती लांब, एवढं डोक्यात पक्कं ठेव.

चिखल फक्त पावसानेच होतो असं मात्र समजू नकोस. उसाला पाणी सोडलं की भर जानेवारीत पाणंद भिजते. कॅनॉलच्या पट्ट्यात, म्हणजे पंढरपूर, मोहोळ भागात, हे हमखास. म्हणून रस्ता विचारताना ‘पुढे वाट आहे का’ असं विचारू नकोस, माणसं भिडेपोटी हो म्हणतात. ‘आज इथून ट्रॅक्टर गेला का’ असं विचार. आणि मोटारसायकलवरच्या पोरापेक्षा शेळ्या राखणाऱ्या म्हाताऱ्याला विचार.

अक्कलकोट, आळंद मागे टाकून कलबुर्गीच्या पुढे गेलास की काळा खडक संपतो आणि चुनखडी सुरू होते. तुझ्या घरात पायाखाली जी शहाबादी फरशी आहे ती तिथली. सेडम, तांडूरकडे खाणी आणि सिमेंटचे कारखाने आहेत, त्या रस्त्यांवर ट्रकची धूळ इतकी असते की नाकाला रुमाल लागतोच. मग तेलंगणात ग्रॅनाइटचे गोल धोंडे, तांबडी माती, तळी. तो टप्पा तुला सगळ्यात आवडेल असं मला वाटतं. शेवटी कृष्णेच्या त्रिभुज प्रदेशात भाताची खाचरं आणि परत चिकट काळी जमीन, तेव्हा तिथे कॅनॉलच्या बांधावरून जा.

आता महिना. तू ऑक्टोबर लिहिलंयस. नको. सोलापुरात सगळ्यात जास्त पाऊस सप्टेंबरात पडतो, ऑक्टोबरातही रानं ओली असतात, आणि आंध्रच्या किनाऱ्यावर ऑक्टोबर ते डिसेंबर हे वादळांचे दिवस. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात रत्नागिरी सोड. संक्रांतीला गड्ड्याच्या जत्रेला घरी पोहोचशील, आईच्या हातचं खाशील, चेन धुशील आणि पुढे निघशील. वाटेत हुरडाही मिळेल. तोटा एकच, हिवाळ्यात वारा पूर्वेकडून येतो, म्हणजे थेट तोंडावर. पहाटे निघ आणि वारा उठायच्या आत निम्मं अंतर काप.

नकाशाचं थोडं सविस्तर सांगतो, कारण तू फक्त मोबाईलवर विसंबलेला दिसतोस. सॅटेलाइटच्या फोटोत दिसणारी वाट नांगरटीत गेलेली असू शकते. आपल्याकडच्या महसुली गाव नकाशात गाडीवाट दोन तुटक रेषांनी आणि पायवाट एका तुटक रेषेने दाखवतात. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० च्या नकाशांवरही गाडीवाटा असतात. हे सगळे एकमेकांशी ताडून बघ. वाट कागदावर असली तरी बांधावरच्या भांडणात कुणी तारेचं कुंपण घातलेलं असतं. तिथे वाद घालू नकोस, वळसा घे. नान्नजच्या माळढोक अभयारण्यातून किंवा सह्याद्रीतल्या व्याघ्र प्रकल्पातून परवानगीशिवाय शॉर्टकट मारायचा नाही, हे वेगळं सांगायला नको.

सायकल महागडी हवीच असं नाही. माझं मत विचारशील तर स्टीलची फ्रेम आणि २६ इंची चाकं घे. स्टील तुटलं तर कुठल्याही गॅरेजमध्ये वेल्डिंग होतं, अ‍ॅल्युमिनियमचं तसं नाही. २६ इंची टायर तालुक्याच्या गावी मिळतो, २९ इंचीसाठी मोठं शहर गाठावं लागतं. व्हॉल्व्ह मोटारसायकलच्या जातीचा घे, म्हणजे पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरवर हवा भरता येईल. वेडी बाभूळ आणि गोखरू यांचे काटे तुझी वाट बघत बसलेतच, तेव्हा टायरमध्ये पंक्चर बुजवणारं सीलंट भरल्याशिवाय निघू नकोस. डिरेलर फ्रेमला जोडणारा तुकडा, म्हणजे हँगर, जादा ठेव. तो प्रत्येक सायकलचा वेगळा असतो आणि गावात मिळत नाही.

खाण्याचं तुझ्या आजीला विचार. कडक भाकरी आणि शेंगा चटणी महिनाभर टिकते, प्रोटीन बारच्या मागे कशाला लागतोस? पाणी मात्र चार-पाच लिटर जवळ हवं.

दोन भीती खऱ्या आहेत. एक, मेंढरांच्या कळपाची कुत्री. सायकल पळवायला गेलास तर मागे लागतात. उतर, सायकल मध्ये धर, चालत जा, धनगराला हाक मार. दुसरी, अंधार पडल्यावर उसाच्या ट्रॉल्या. ट्रॅक्टर त्या जोडीने ओढतात आणि मागे दिवा नसतो. दिवस मावळायच्या आत मुक्काम गाठायचाच. गावात शिरल्यावर आधी पोलीस पाटलाला किंवा सरपंचाला भेट, मग देवळाची ओसरी नाहीतर शाळेचा व्हरांडा माग. कर्नाटक, तेलंगणात हेच विचारायला पाच-सहा वाक्यं लागतील. तुझ्या गल्लीत कन्नड आणि तेलुगू दोन्ही बोलणारी माणसं आहेत, त्यांच्याकडून पाठ करून घे.

आणि हे सगळं करण्याआधी, डिसेंबरात एकदा सगळं सामान लादून सोलापूर ते नळदुर्ग कच्च्या वाटेने जाऊन ये. हायवेने ते पन्नास किलोमीटरच्या आत आहे, तुला कच्च्याने किती वेळ लागतो ते लिहून ठेव. किल्ल्यातला पाणी महाल बघ, रात्री तिथेच गावात राहा, दुसऱ्या दिवशी वेगळ्या वाटेने परत. आल्यावर पिशवीतलं जे जे वापरलं नाही ते बाजूला काढ आणि नवा आराखडा घेऊन रविवारी घरी ये. या खेपेला रोजच्या किलोमीटरच्या रकान्याऐवजी जमिनीचा रकाना दिसू दे.

तुझा,
सर